गौरीचं माहेर कुठल्या दिशेला?

गौर आणताना बोलायचं नसतं. आमच्या वाडीत पऱ्यापासून, म्हणजे ओढ्यापासून, घरापर्यंतचं अंतर फार नाही, पण भाद्रपदात पायवाट शेवाळलेली, छत्रीतून गळणारं पाणी आणि हातात मुळांसकट उपटलेला तेरडा. पाय घसरला तरी ‘आई गं’ म्हणायचं नाही, मागं वळून बघायचं नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी घसरले आणि म्हणायचं ते म्हणून बसले. सासूबाई पाठीमागून येत होत्या. बोलायची बंदी त्यांनाही, म्हणून त्यांनी नुसतं बोट करून पऱ्याची दिशा दाखवली. आम्ही परत खाली उतरलो, तेरडा पुन्हा पाण्यात बुडवला आणि पहिल्यापासून चालायला लागलो.

ही १९८६ सालची गोष्ट. त्या दुसऱ्या फेरीत माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. ही बाई माहेराला निघाली आहे, आणि तिला उचलून नेणारी मी मात्र माझ्या माहेराला जाऊ शकत नाही. तेव्हा आईवडील होते. आता संगमेश्वराकडच्या आमच्या घराला वर्षभर कुलूप असतं आणि गणपतीचे पाच दिवस मुंबईहून भाऊ येऊन ते उघडतो. म्हणजे माझं माहेर वर्षातून पाचच दिवस असतं, आणि नेमक्या त्याच पाच दिवसांत मला सासरी गौर आणायची असते. कोकणातल्या माझ्या वयाच्या कितीतरी बायकांचं हेच रडगाणं आहे, त्यामुळे त्याचं मी फार भांडवल करत नाही.

पण त्यामुळेच असेल, पुढे एका पुस्तकातली एक बाई मला फार जवळची वाटली. ती ना कोकणातली ना हिंदू. दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राच्या काठावर लोक तिची गोष्ट सांगत होते. तिचं नाव सोफिया. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ शहाणपण, प्रज्ञा.

मी रत्नागिरीत एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. वारलेल्या प्राध्यापकांच्या घरून पुस्तकांची खोकी देणगी म्हणून येत, ती फोडून नोंदवायचं काम माझ्याकडे. अशाच एका खोक्यात इलेन पेगल्स यांचं १९७९ सालचं ‘द नॉस्टिक गॉस्पेल्स’ सापडलं. दशांश वर्गीकरणात ख्रिस्ती धर्माच्या इतिहासातली पाखंडं २७३ या क्रमांकाखाली जातात. आमच्याकडे त्या क्रमांकाचं एकही पुस्तक नव्हतं. हे पहिलं. लेबल चिकटवायच्या आधी चाळावं म्हणून उघडलं आणि दुपारचा डबा तसाच राहिला.

त्यात एका मडक्याची हकीकत आहे. डिसेंबर १९४५. वरच्या इजिप्तमध्ये नाईलकाठी नाग हम्मादी नावाचं गाव आहे. तिथल्या डोंगराच्या पायथ्याशी मुहम्मद अली नावाचा शेतकरी खतासाठी भुसभुशीत माती खणत होता. त्याला तोंड बंद केलेलं मोठं मडकं लागलं. फोडावं तर आत जिन असेल, न फोडावं तर सोनं असेल. त्यानं फोडलं. आत निघाली चामड्याच्या बांधणीतली पपायरसची पुस्तकं, एकूण तेरा, त्यांतल्या तेराव्याची काही पानंच उरलेली. भाषा कॉप्टिक. घरी आणल्यावर त्यातली काही पानं त्याच्या आईनं चूल पेटवायला घातली, असं तो पुढे सांगत असे. शोधाच्या या हकीकतीत मीठमसाला किती, यावर आता अभ्यासकांमध्ये वाद आहे. पण चुलीचा भाग मला पटतो. पावसात चूल पेटत नसली की कुठलाही कागद पवित्र राहत नाही, हे मी स्वतः केलेलं आहे.

मला जास्त आवडलं ते बांधणीचं. पुठ्ठा ताठ व्हावा म्हणून बांधणाऱ्यांनी चामड्याच्या आत रद्दी भरली होती: जुन्या पावत्या, पत्रं. एका पुस्तकाच्या पुठ्ठ्यातल्या पावत्यांवर इसवी सनाच्या ३४१, ३४६ आणि ३४८ या सालांशी जुळणाऱ्या तारखा निघाल्या. म्हणजे पुस्तक त्यानंतर बांधलेलं. आत जे लिहिलंय ते देवाबद्दल, आणि त्याचं वय कळलं ते रद्दीवरून. ग्रंथपालाला याहून गोड काय असणार?

या पुस्तकांतलं पुष्कळसं लिखाण ज्यांच्या विचाराचं, त्यांना आज नॉस्टिक म्हणतात. ‘ग्नोसिस’ म्हणजे ज्ञान, आणि हा शब्द आपल्या ‘ज्ञान’ शब्दाचा सख्खा भाऊ, एकाच धातूच्या पोटचा. हे ज्ञान वाचून मिळणारं नव्हे. आपण कोण, कुठून आलो, कुठे अडकलो, ही ओळख पटणं म्हणजे ग्नोसिस. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीपुढे डोळे मिटून ‘सोऽहं’ म्हणणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. रत्नागिरीपासून पावस फार लांब नाही, दर महिन्याला जाणारी घरं आमच्या ओळखीत आहेत. पण पावसला कोणी असं म्हणत नाही की हे जग चुकून झालं. नॉस्टिक म्हणत.

त्यांची गोष्ट अशी. सगळ्याच्या वर एक परिपूर्ण प्रकाशाचं घर आहे, त्याचं नाव प्लेरोमा, म्हणजे पूर्णता, भरलेपण. तिथे दैवी तत्त्वं जोडीजोडीनं राहतात. एका पंथाच्या हिशेबात ती तीस. त्यातली सगळ्यात धाकटी सोफिया. तिला वाटलं, आपणही आपल्यातून काहीतरी निर्माण करावं. जोडीदाराची संमती न घेता तिनं ते केलं, आणि जे जन्मलं ते वेडंवाकडं निघालं, सिंहाच्या तोंडाचा साप. लाजेनं तिनं त्याला घराबाहेर टाकलं आणि कोणाला दिसू नये म्हणून भोवती तेजस्वी ढग गुंडाळला. त्याचं नाव याल्दाबाओथ. ढगाच्या आत त्याला वरचं काही दिसेना, तेव्हा त्यानं ठरवलं की मीच एकटा देव. मग त्यानं हे जग घडवलं, सात ग्रहांवर सात अधिकारी नेमले आणि मातीचा माणूस केला. माणूस उठेना. शेवटी त्याला फसवून त्याच्याकडूनच माणसाच्या तोंडात फुंकर मारवली गेली. त्या फुंकरीतून आईची, सोफियाची शक्ती त्याच्यातून निघून माणसात शिरली. माणूस उभा राहिला. आपल्या आत जो कण आहे तो तिचा, आणि तो इथे अडकलाय.

याल्दाबाओथ कोकणी माणसाला चटकन कळावा. तो खोत आहे. जमीन त्याची नव्हे, तो मधला माणूस, सारा वसूल करून वर पोचवायचा इतकंच काम. पण दोन पिढ्या गेल्या की खोत म्हणू लागतो, गाव माझं, माणसं माझी. कुळांनाही वर सरकार आहे हे ठाऊक नसतं. खोतीविरुद्ध बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं आणि १९४९ साली खोती नष्ट करणारा कायदा झाला. माझ्या सासऱ्यांच्या वडिलांना तोवर खोतापुढे जोडे काढून हातात घ्यावे लागत. नॉस्टिकांचा राग मला या अंगानं समजतो. ज्याला आपण देव म्हणून नमस्कार घातला तो मालक नव्हताच, मधला होता, हे कळल्यावर येणारा राग.

एका उन्हाळ्यात आम्ही पडवीत बसून फणसाच्या आठळ्या सोलत होतो तेव्हा ही गोष्ट मी सासूबाईंना सांगितली. त्या शाळेत गेलेल्या नव्हत्या, पण गोष्ट ऐकताना मधेमधे हुंकार देणं त्यांना चांगलं जमे. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “म्हंजे नवऱ्याला न इचारता केलान, म्हणून येवढं रामायन?”

मी हसले, पण त्यांनी बोट बरोबर ठेवलं होतं. जगातल्या सगळ्या दुःखाचं मूळ एका बाईच्या परवानगी न घेण्यात शोधणारी ही कथा पुरुषांनी रचलेली दिसते. मात्र याच लोकांच्या काही गटांत बायका उपदेश करत, विधी चालवत, आणि त्यावरून चर्चचे धर्मगुरू संतापत, हेही खरं. नॉस्टिकांविरुद्ध लियॉंचा बिशप आयरिनियस यानं साधारण इसवी सन १८० च्या सुमारास मोठा ग्रंथ लिहिला. मडकं सापडेपर्यंत नॉस्टिकांविषयी जगाला जे ठाऊक होतं ते बहुतेक अशा विरोधकांच्याच तोंडून. आयरिनियस कुत्सितपणे सांगतो की या लोकांच्या मते समुद्राचं पाणी म्हणजे घराबाहेर पडलेल्या त्या देवीचे अश्रू, आणि उजेड म्हणजे तिचं हसू. त्याला ते खुळचट वाटलं. मी हे वाचल्यावर संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर गेले होते. पावसाळ्याच्या तोंडावरचा काळाभोर समुद्र होता. मला काही ते खुळचट वाटलं नाही.

“मंग ती बाय म्हायेरी कवा गेली?” सासूबाईंचा दुसरा प्रश्न.

त्याचं उत्तर त्याच मडक्यातल्या दुसऱ्या पुस्तकात, एका छोट्या लेखात आहे. त्याचं नाव ‘आत्म्याविषयीचे विवरण’ असं करता येईल. मला विचाराल तर सगळ्या नाग हम्मादीत याच्याइतकं आपल्या बायकांना कळेल असं दुसरं काही नाही. ग्रीक भाषेत आत्मा स्त्रीलिंगी. लेखक म्हणतो, जुन्या शहाण्यांनी तिला बाईचं नाव दिलं कारण ती बाईच आहे. बापाच्या घरी होती तोवर ती कुमारिका. मग ती खाली शरीरात पडली आणि लुटारूंच्या हाती सापडली. कोणी जबरदस्ती केली, कोणी भेटवस्तू देऊन भुलवलं. प्रत्येक वेळी तिला वाटलं हाच आपला नवरा, आणि प्रत्येकानं तिला टाकलं. पोरं झाली ती आंधळी, बहिरी, आजारी. शेवटी ती रडते आणि बापाला हाक मारते. बाप रागवत नाही. तिला धुऊन शुद्ध करतो आणि तिच्यासाठी वर पाठवतो. ती खोली सुगंधानं भरून वाट बघत बसते, पण तिला एक धास्ती आहे: घर सोडून इतका काळ झाला की त्याचा चेहराच आठवत नाही. तो तिला स्वप्नात दिसतो. मग तो येतो. लेखक मधेच होमरचा दाखला देतो, बेटावर अडकून घरच्या ओढीनं रडणाऱ्या ओडिसियसचा.

हे सासूबाईंना सांगताना मी लुटारूंचा भाग जरा सौम्य केला. त्या काही बोलल्या नाहीत. आठळीची साल नखानं काढत राहिल्या. त्यांचं माहेर राजापूरकडचं. लग्नानंतर पहिली सात वर्षं त्यांना तिकडे पाठवलं नव्हतं, हे मला घरातल्या दुसऱ्या बाईकडून कळलं होतं.

खाली आलेली देवी जगात पुष्कळ ठिकाणी आहे. ग्रीकांची पर्सेफनी डाळिंबाचे दाणे खाऊन पाताळाला बांधली गेली, आणि ती खाली असते तोवर वर काही उगवत नाही. सर्वांत जुन्या कथांपैकी एक सुमेरी लोकांची, इनानाची. मातीच्या पाट्यांवर लिहिलेली, चार हजार वर्षांच्या आसपासची. इनाना स्वर्गाची राणी. ती आपणहून पाताळात बहिणीकडे जाते. वाटेत सात दरवाजे. प्रत्येक दरवाजावर द्वारपाल तिच्या अंगावरचं काहीतरी काढून घेतो: मुकुट, गळ्यातले मणी, कंकण, शेवटी वस्त्र. ती बहिणीपुढे पोचते ती उघडी, आणि बहीण तिला मारून खुंटीला टांगते. तीन दिवसांनी ती जिवंत होते, पण सुटका फुकट नसते. बदली कोणीतरी द्यावं लागतं. ती नवऱ्याला देते. तो तिच्या मरणात सुतक पाळायचं सोडून सिंहासनावर आरामात बसलेला तिला दिसला होता.

नॉस्टिकांनी हे दरवाजे जणू उलटे बसवले. त्यांच्याकडे माणूस मेल्यावर आत्मा वर जाताना सात ग्रहांच्या नाक्यांवरून जातो. प्रत्येक नाक्यावर चौकीदार. तिथे परवलीचे शब्द ठाऊक असावे लागतात: मी कोण, कुठून आले, कुठे चालले. उत्तर चुकलं की परत खाली. आपल्याकडे शनीची साडेसाती आली की तेल वाहून त्याची समजूत काढतात. यांना ग्रहांशी समझोता नको होता, त्यांच्या हातावर तुरी द्यायच्या होत्या.

आता आमच्या गौरीचं बघा. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर ती येते, ज्येष्ठेवर तिची पूजा, मुळावर विसर्जन. तीन दिवस. ज्या घरात ती येते त्या घराच्या उंबऱ्यावर आणणारीच्या पायांवर दूधपाणी घालतात, आणि मग तिला घर दाखवतात. आमच्या घरात ही सगळ्यात मोठी गंमत. पुढे एक मुलगी कुंकवाची पावलं उमटवत चालते, मागून तेरड्याची जुडी घेतलेली सून. ओटी, माजघर, स्वयंपाकघर. चुलीपाशी थांबायचं. तांदळाच्या कणगीपाशी थांबायचं, झाकण उघडून दाखवायचं. कपाट उघडून दागिने, पैसे दाखवायचे. हल्ली जावेची पोर बँकेचं पासबुक दाखवते. मग गोठा. गोठ्यात आता गुरं नाहीत, दोन मोटारसायकली असतात, त्या दाखवायच्या. घरातली माणसं विचारतात, गौर आली ती काय घेऊन आली, आणि आणणारी उत्तरं देते: धान्य, लेकरं, दूधदुभतं. एवढ्यापुरती बोलायची परवानगी.

इनानाच्या प्रत्येक दरवाजावर एक वस्तू जाते. आमच्याकडे प्रत्येक दारात एक वस्तू दाखवली जाते. देवी आहे, तिला काय दाखवायचं? पण माहेरी आलेल्या मुलीला असंच फिरवून दाखवतात ना, हे नवीन घेतलं, हे रंगवलं, ही गाय गाभण आहे.

आणि इथेच सोफिया आणि गौर यांचे रस्ते फुटतात. सोफियाचं माहेर वर आहे, खाली येणं म्हणजे तिची चूक, तिची घसरण. गौरीचं सासर वर, कैलासात. माहेर खाली, इथे, या शेणानं सारवलेल्या किंवा आता फरशी घातलेल्या घरात. एकच गोष्ट, बाई वरून खाली येते आणि पुन्हा वर जाते. फक्त माहेर कुठल्या टोकाला ठेवायचं एवढाच प्रश्न, आणि त्यावर सगळं जग बदलतं. वर माहेर ठेवलं तर ही माती तुरुंग होते. खाली ठेवलं तर तिला भाजी-भाकरी करून वाढावी लागते, दुसऱ्या दिवशी कुठे घावन-घाटलं, कुठे पुरणपोळी, आणि आमच्यासारख्या घरांत तिखटा सण. गौरीला वडे-मटण. गणपतीपुढे तेवढा वेळ पडदा ओढतात, कारण मुलगा शाकाहारी आणि आई माहेरी आलेली. नॉस्टिकांतले बरेचजण मांस, लग्न, मूल यांपासून लांब राहत. शरीर वाढवणं म्हणजे खोताचा वसूल वाढवणं. मटण मागणारी देवी त्यांना झेपली नसती.

कोल्हापूरकडे गौरीपाठोपाठ शंकरोबाही येतो, बायकोला न्यायला. माझी धाकटी जाऊ तिकडची, तिच्यामुळे कळलं. त्या विवरणातला वरून आलेला वर आणि हा शंकरोबा यांची मी मनात शेजारीशेजारी मांडणी करून बघते. तो आत्म्याला घरी न्यायला येतो. हा माहेरपण संपवायला.

तसं बघितलं तर आपल्याकडे सगळेच काही माहेर खाली ठेवत नाहीत. वारकरी संतांनी संसाराला सासर म्हटलं आणि पंढरीला माहेर. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांत तर पुरुष कवी बाई होऊन वाट बघतो. पण पंढरी तरी कुठे? भीमेच्या काठावर, एसटी जाते तिथे.

देवी आधी की देव आधी, या दोन बाजूही आमच्याकडे एकमेकींशी भांडतात, आणि तेही ढोलकीवर. गणपतीत वाडीत जाखडी येते. मुंबईकर तिला बाल्या नाच म्हणत. मधे झांजा-ढोलकी घेऊन गाणारे, भोवती पायात चाळ बांधलेले नाचे गोल फिरतात. खरी मजा शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात. शक्तीवाले शाहीर म्हणणार, आधी आदिमाया, तिनं तिन्ही देव जन्माला घातले. तुरेवाले म्हणणार, आधी शिव, तो नसता तर ती कोणाची शक्ती? सवाल टाकायचा, समोरच्यानं गाण्यातच जवाब द्यायचा, रात्र सरेपर्यंत. गाणारे दिवसा कोणी रिक्षावाले, कोणी मच्छीच्या कंपनीत, कोणी शेती करणारे. सोफियाची कथा सांगणाऱ्यांचाही वाद नेमका हाच होता, जोडीदाराशिवाय एकटीनं निर्मिती करता येते का. आमच्या शक्तीवाल्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, येते, आणि पोर वाकडंही निघत नाही.

एका वर्षी, पंधराएक वर्षं झाली असतील, शक्तीवाल्यानं टाकलेला सवाल मी अजून विसरलेली नाही. त्याचा मतलब असा: पोटात असताना जीवाला सगळे मागचे जन्म आठवत असतात, तो ‘सोऽहं’ म्हणत असतो. बाहेर येताच ‘कोऽहं’ म्हणून रडतो. तर मधल्या वाटेत त्याची आठवण काढून घेतली कोणी? तुरेवाला अडला. त्यानं दोन कडवी इकडच्या तिकडच्या गोष्टींत घालवली आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी ओटीवर बसून विचार करत होते की अलेक्झांड्रियातला एखादा नॉस्टिक इथे असता तर उठून उत्तर देता.

असा विचार केला की कोणीतरी हटकून म्हणतं, म्हणजे हे सगळं त्यांनी आपल्याकडूनच नेलं. नेलं असेलही काही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात कोकण किनाऱ्यावरच्या बंदरांची नावं आहेत. त्यातलं मेलिझिगारा म्हणजे आपलं जयगड असावं, असं काही अभ्यासकांना वाटतं. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट दुसऱ्या शतकाच्या अखेरीस बुद्धाचं नाव घेतो. जहाजं येत होती. पण मिरी नेणाऱ्या जहाजानं विचारही नेले, असं म्हणायला पावती लागते, आणि ती अजून कुठल्या पुठ्ठ्यात सापडलेली नाही. आपलं मोठेपण सिद्ध करायला दुसऱ्याची आई आपल्या घरची ठरवायची मला गरज वाटत नाही.

भारताचा एक धागा मात्र पक्का आहे, तोही कथेतला. ‘थॉमसची कृत्ये’ हा तिसऱ्या शतकातला सिरियाकडचा ग्रंथ येशूचा शिष्य थॉमस भारतात आल्याचं सांगतो. भारतातल्या एका तुरुंगात तो एक गीत गातो, ‘मोत्याचं गीत’ म्हणून ते प्रसिद्ध आहे. पूर्वेकडच्या राजाचा मुलगा इजिप्तला जातो. सापाच्या पहाऱ्यातलं एक मोती आणायचं. ओळखू येऊ नये म्हणून तो तिथल्या लोकांचे कपडे घालतो, त्यांचं अन्न खातो, आणि आपण राजपुत्र आहोत हेच विसरतो. घरून पत्र येतं, गरुडासारखं उडत. ते वाचून तो जागा होतो.

रत्नागिरीकराला हे वाचून थिबा पॅलेस आठवल्याशिवाय राहत नाही. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८६ साली इथे नजरकैदेत आणला गेला आणि १९१६ साली इथेच वारला. राजवाडा बांधून झाला तो १९१० साली. त्याची थोरली मुलगी इथल्या माणसात गुंतली, नंतर पुन्हा रत्नागिरीलाच येऊन राहिली. तिची लेक रत्नागिरीत मराठी बोलत म्हातारी झाली आणि २००० साली वारली. तिला घरून पत्र आलं नाही, आणि आलं असतं तरी वाचायला ती भाषा कुठे होती? तिचं घर कुठलं म्हणायचं? मला विचाराल तर, रत्नागिरी.

आमच्या शेजारच्या काकूंकडे खड्यांची गौर असते. त्या पाणवठ्यावर जाऊन पाच खडे उचलतात, ताटात ठेवून मुक्यानं घरी आणतात, नवीन खणावर मांडतात. खडे म्हणजे अगदी साधे, गुळगुळीत. मोत्याचं गीत मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “सापबीप आमच्याकडेही असतो हो विहिरीत. त्याला हाकलतो आम्ही काठीनं.”

गेल्या वर्षी गौरी-गणपतीचं विसर्जन दुपारी लवकर आटोपलं. पऱ्याला पाणी भरपूर होतं. तेरडा सोडला की परत येताना तिथली मूठभर वाळू घरी आणायची आणि घरभर, तांदळाच्या डब्यात, झाडांच्या बुंध्याशी टाकायची, अशी पद्धत आहे. सासूबाई आता नाहीत, ते काम माझ्याकडे आलंय. वाळू टाकून झाली, थोडी पदराच्या गाठीत उरली. पोरांनी मला म्हटलं, जा तू, भांडी आम्ही घासतो. तीन वाजताची एसटी मिळाली.

संगमेश्वरला उतरून रिक्षानं घरी पोचले तेव्हा भाऊ पडवीत बॅगा बांधत होता. रात्रीच्या गाडीचं रिझर्वेशन. वहिनी फ्रिज रिकामा करत होती, उरलेले नारळ पोत्यात भरत होती. त्यांनी चहा केला, कपबश्या लगेच विसळून उपड्या घातल्या. गणपती बसवला होता त्या पाटावर हळदीचा डाग तेवढा होता.

“ताई, सगळं बंद केलंय. कुलूप लावू ना?”

म्हटलं, थांब जरा. आणि एकटीच आत गेले. माजघर, स्वयंपाकघर, थंड चूल, आईची रिकामी कणगी. झाकण उघडलं, बघितलं, पुन्हा लावलं. मागच्या दारानं गोठ्यात. पदराची गाठ सोडून वाळू कोपऱ्यात टाकली. कोणी काही विचारलं नाही, मीही बोलले नाही. बाहेर आले तेव्हा भाऊ हातात कुलूप घेऊन उभा होता आणि रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.